पायथनच्या जुन्या कोडला टाइप हिंट्स कशा लावायच्या, अगदी पहिल्या फंक्शनपासून

समजा सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढायला तुम्ही पायथनची एक स्क्रिप्ट लिहिलीये. मुलुंड घ्या, बोरिवली घ्या, कुठलीही दोन विंगची बिल्डिंग घ्या. सेक्रेटरी काकांकडून एक्सेल शीट येते, तुम्ही ती सीएसव्ही म्हणून सेव्ह करता, स्क्रिप्ट एकेक ओळ वाचते, महिन्याचा दर २५०० आहे आणि बिल तिमाही आहे म्हणून दराला ३ ने गुणते. उत्तर यायला हवं ७५००. येतं काय तर २५००२५००२५००. म्हणजे पंचवीस हजार कोटींच्या वरचं बिल, आणि पायथनने हूं की चूं केलेलं नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही, पीडीएफ तयार.

झालं असं की सीएसव्हीतून वाचलेली प्रत्येक गोष्ट पायथनला स्ट्रिंग म्हणून मिळते, आत आकडे दिसत असले तरी तो मजकूरच असतो, आणि स्ट्रिंगला ३ ने गुणलं की पायथन ती तीनदा जोडून देतो, हा त्याचा नियमच आहे, त्यात त्याचं काही चुकलं नाही. आणि हे बिल इतकं अवाढव्य आलं म्हणून निदान डोळ्यात तरी भरलं. खरा त्रास देतात त्या न दिसणाऱ्या चुका. थकबाकीदारांची यादी मोठ्या रकमेपासून लहानाकडे लावायची आहे आणि रकमा स्ट्रिंग आहेत, तर ९०० वाला सगळ्यात वर येतो, मग २५०० वाला, आणि १२००० वाला तळाला, कारण स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा २ आणि १ पेक्षा मोठा. अशी यादी नोटीस बोर्डावर लागली तरी कुणाला चटकन कळणार नाही, आणि ज्याचे फक्त ९०० राहिलेत तो माणूस उगाच सगळ्यांपुढे खजील होणार.

टाइप हिंट म्हणजे कुठल्या नावात कुठल्या प्रकारची (टाइपची) गोष्ट येणार, आकडा की मजकूर, हे कोडमध्येच लिहून ठेवणं. त्या शिकायच्या त्या अशा चुका बिल छापायच्या आधी पकडायला. कोड "प्रोफेशनल" दिसावा म्हणून लावायच्या असतील तर वेळ घालवू नका, मनापासून सांगतोय.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसली की पुढे गोंधळ होतो. पायथन डायनॅमिक भाषा आहे, व्हेरिएबलला टाइप नसतो, त्यात ठेवलेल्या व्हॅल्यूला असतो, त्यामुळे एकाच नावात आत्ता आकडा आणि पाच ओळींनंतर लिस्ट ठेवली तरी चालतं. फंक्शनच्या आर्ग्युमेंटपुढे काहीतरी लिहिण्याची सोय पायथन ३.० पासून म्हणजे २००८ पासून आहे, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे भाषेने तेव्हा ठरवलं नव्हतं. ते ठरलं पायथन ३.५ मध्ये, २०१५ साली, पेप ४८४ नावाच्या प्रस्तावाने. त्याच्या लेखकांत स्वतः पायथनचे जनक गिडो व्हॅन रोसम होते आणि युक्का लेहतोसालो होते, ज्यांनी केंब्रिजला पीएचडी करताना मायपाय हे टाइप तपासणारं टूल सुरू केलं. त्या प्रस्तावातच स्पष्ट म्हटलंय की पायथन डायनॅमिकच राहणार, टाइप सक्तीचे करायचा इरादा नाही. साध्या व्हेरिएबललाही टाइप लिहिता यायला लागला तो ३.६ पासून.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. टाइप हिंट लिहिली म्हणून पायथन ती पाळत नाही. रन करताना तो हिंटकडे बघून कुणाला अडवत नाही, दर इंट (म्हणजे पूर्णांक) आहे असं लिहून वर स्ट्रिंग पाठवलीत तरी स्क्रिप्ट तशीच धावणार, आणि हिंट लावल्याने कोड फास्टही होत नाही. स्टेशनवरच्या इंडिकेटरवर "फास्ट" लिहिलं म्हणून समोर लागलेली गाडी फास्ट होत नाही, तसंच हे. लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळतंय का हे तपासणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो, त्याला टाइप चेकर म्हणतात. हिंट लिहिणं हे अर्धं काम, चेकर चालवणं उरलेलं अर्धं, आणि नवीन मंडळी नेमकं हे दुसरं अर्धं सोडून देतात.

चेकर बसवा

टर्मिनल उघडा, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ह्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, चालू करा (नसेल तर आधी बनवा, सगळं सिस्टिमच्या पायथनमध्ये कोंबू नका) आणि पिप इन्स्टॉल मायपाय. झालं. मग मायपाय लिहून पुढे फाइलचं नाव द्या आणि एंटर. व्हीएस कोड वापरत असाल तर त्यातलं पायलान्स एक्स्टेन्शन आतून पायराइट हा मायक्रोसॉफ्टचा चेकर वापरतं, त्याच्या सेटिंगमध्ये टाइप चेकिंग मोड बेसिक केला की टाइप करता करताच लाल रेघा दिसायला लागतात. दोन्हीपैकी काहीही चालेल. मी इथे मायपाय धरून सांगतोय कारण तो टर्मिनलवर चालतो आणि कुठलाही एडिटर असला तरी तोच राहतो.

पायथनचं व्हर्जन बघून घ्या. ३.१० किंवा वरचं असेल तर खालचं सगळं जसंच्या तसं चालेल. जुन्या कोडमध्ये टायपिंग मॉड्यूलमधून मोठ्या अक्षराची लिस्ट, डिक्ट, ऑप्शनल वगैरे इम्पोर्ट केलेलं दिसेल, तो जुना काळ, ३.९ पासून साधं लिस्ट आणि डिक्ट चौकोनी कंसासकट वापरता येतं आणि ३.१० पासून "हे किंवा ते" म्हणायला उभी रेघ. जुनं दिसलं तर घाबरू नका, ते अजून चालतं.

एक सूचना, खाली कोडच्या ओळी मी देवनागरीत लिहिल्यात. डेफ, इंट, स्ट्र (म्हणजे स्ट्रिंग), नन हे शब्द तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, आकडेही इंग्रजी. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरंच देवनागरीत चालतात.

पहिलं फंक्शन

स्क्रिप्टमधलं सगळ्यात छोटं, आकड्यांशी खेळणारं फंक्शन निवडा. आपल्याकडे आहे:

डेफ बिल(दर, महिने):
रिटर्न दर * महिने

त्याचं असं करा:

डेफ बिल(दर: इंट, महिने: इंट) -> इंट:
रिटर्न दर * महिने

नावापुढे कोलन आणि टाइप, कंस संपला की बाण लिहून परत काय मिळणार त्याचा टाइप. एवढंच व्याकरण आहे, बाकी सगळं ह्याचाच विस्तार. आतल्या व्हेरिएबलला टाइप लिहायच्या भानगडीत पडू नका, एकूण = बिल(२५००, ३) असं लिहिलं की एकूण इंट आहे हे चेकर स्वतः ओळखतो. लिहावा लागतो तो मुख्यतः रिकाम्या लिस्ट-डिक्टला, कारण रिकाम्या लिस्टमध्ये पुढे काय पडणार हे त्याला नेहमीच कळत नाही.

आता मायपाय चालवा. आणि इथे बऱ्याच जणांची फसगत होते, म्हणून जरा थांबतो. मायपाय म्हणेल सक्सेस, नो इश्यूज फाउंड. तुम्ही म्हणाल वा, कोड शुद्ध आहे. तो शुद्ध वगैरे काही नाहीये, मायपायने तो बघितलेलाच नाही! ज्या फंक्शनवर एकही टाइप लिहिलेला नाही त्याच्या पोटात मायपाय डिफॉल्टने शिरतच नाही. तुमचं बिल हे फंक्शन झालं टाइपवालं, पण त्याला हाक मारणारं मेन हे फंक्शन अजून डेफ मेन(): असंच आहे, मग आत स्ट्रिंग पाठवलेली त्याला दिसणार कशी? मेनला आर्ग्युमेंटच नाहीत, लिहायचं काय, असं वाटतं, तर लिहायचं डेफ मेन() -> नन:, म्हणजे हे काही परत देत नाही. तेवढा बाण आला की मायपाय आत जातो. किंवा चालवताना चेक-अनटाइप्ड-डेफ्स हा पर्याय द्या, मग टाइप नसलेल्या फंक्शनच्या आतही तो नजर टाकतो. मी तर म्हणेन पहिल्या दिवसापासून तो चालूच ठेवा.

परत चालवलंत की ओळ नंबर देऊन सांगेल की बिलच्या पहिल्या आर्ग्युमेंटचा टाइप जुळत नाही, मिळाला "स्ट्र | एनी" (एनीबद्दल पुढे येतंच), हवा होता "इंट", आणि शेवटी चौकोनी कंसात आर्ग-टाइप असं एररचं छोटं नाव. सीएसव्हीच्या ओळी वाचणाऱ्या डिक्टरीडरमधून स्ट्रिंग येते हे त्याला माहीत आहे, कारण पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीचे टाइप टाइपशेड नावाच्या संग्रहात लिहून ठेवलेत आणि तो संग्रह मायपायसोबतच येतो. पंचवीस हजार कोटींचं बिल एकाही फ्लॅटला न जाता पकडलं गेलं.

डेटा आत शिरतो ते दार

माझं ठाम मत आहे की टाइप लावायला सुरुवात फाइलच्या पहिल्या ओळीपासून करू नये, डेटा जिथून प्रोग्रॅममध्ये शिरतो तिथून करावी. सीएसव्ही, वेब फॉर्म, एपीआयचं उत्तर, इनपुट फंक्शन, डेटाबेस, ही सगळी दारं. दारावरच स्ट्रिंगचा आकडा करून घेतला, तपासून घेतला, की आतल्या सगळ्या फंक्शनला निर्धास्तपणे इंट म्हणता येतं आणि जागोजागी इंट(दर), इंट(दर) अशी ठिगळं लावावी लागत नाहीत.

तर दारावर एक फंक्शन उभं करा:

डेफ रक्कम_वाच(मजकूर: स्ट्र) -> इंट:

ह्याच्या आत काय लिहायचं ते तुमची शीट बघून ठरवा, कारण खऱ्या शीटमध्ये काय काय असतं! इंट() हे फंक्शन आजूबाजूच्या स्पेस चालवून घेतं. मराठीत टाइप केलेले "२५००" सुद्धा चालवून घेतं, खरंच, करून बघा, २५०० हा आकडा परत मिळतो. पण "२,५००" असा स्वल्पविराम आला की व्हॅल्यू एरर, "२५००.५०" ला व्हॅल्यू एरर, रिकाम्या खान्याला पण व्हॅल्यू एरर. एररची भीती बाळगू नका, दारावर आलेला एरर हा सगळ्यात स्वस्त, कुठली ओळ कुठला फ्लॅट ते लगेच कळतं. स्वल्पविराम काढून टाका, पैसे लागत असतील तर सगळं पैशांत मोजून इंट ठेवा किंवा डेसिमल वापरा, फ्लोट (पायथनचा साधा दशांश आकडा) नको, कारण फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ नेमकं ०.३ होत नाही आणि हिशेबाच्या कामात ते चालणार नाही.

आणि उलटही लक्षात ठेवा, आकडे दिसले म्हणून सगळंच इंट करायचं नसतं. फ्लॅट नंबर "बी-४०२" असतो, तळमजल्यावरचा "००४" असतो, त्याला इंट केलंत तर पुढची शून्यं गेली आणि उरला ४. मोबाइल नंबर, पिनकोड, ज्याची तुम्ही कधी बेरीज करणार नाही ते स्ट्र ठेवा.

दार जेसनचं असेल (एपीआयचं उत्तर बहुतेक ह्याच रूपात येतं) तर जास्त जपा. जेसन वाचणारं लोड्स हे फंक्शन एनी नावाचा टाइप परत देतं, आणि एनी म्हणजे चेकरला दिलेली सुट्टी: ह्याच्यावर काहीही करा, मी विचारणार नाही. तो एनी तिथून व्हेरिएबलमध्ये, तिथून फंक्शनमध्ये असा झिरपत जातो आणि अर्ध्या प्रोग्रॅममध्ये मायपाय गप्प बसतो, तुम्हाला वाटतं सगळं आलबेल. कुठे शंका आली तर त्या ओळीखाली रिव्हील_टाइप(नाव) लिहा आणि मायपाय चालवा, त्याला तिथे काय टाइप दिसतोय ते तो छापतो, एनी दिसला की समजा पाणी मुरतंय. काम झालं की ती ओळ काढून टाका. जेसन मोठं आणि गुंतागुंतीचं असेल तर पायडँटिक ही लायब्ररी बघा, ती तुमच्या हिंट्स वाचून प्रत्यक्ष रन होताना डेटा तपासते, म्हणजे दारावर जे हाताने करणार होतो ते ती करते.

नन, म्हणजे जे नाहीच

काही फ्लॅट भाड्याने दिलेले असतात. महाराष्ट्रात अशा फ्लॅटला सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्जेस लावते, आणि ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. म्हणजे आपल्या स्क्रिप्टला भाडेकरू आहे का ते कळायला हवं, पण बहुतेक फ्लॅटमध्ये भाडेकरू नाहीच. तर टाइप होतो:

भाडेकरू: स्ट्र | नन

म्हणजे एकतर नाव आहे किंवा काहीच नाही. आता कुठे तुम्ही भाडेकरू.अपर() केलंत, नाव मोठ्या अक्षरात छापायला, तर मायपाय लगेच टोकतो की हा नन असू शकतो आणि ननला अपर नाहीये. त्यावर उपाय साधा, वर इफ भाडेकरू इज नॉट नन: घाला, त्या इफच्या आत मायपायला कळतं की इथे तो नक्की स्ट्र आहे. ह्याला नॅरोइंग म्हणतात आणि माझ्या मते ह्या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच, कारण पायथनवाल्यांना रात्री-अपरात्री दिसणारा "नन टाइपला अमुक ॲट्रिब्यूट नाही" हा एरर ह्यामुळे आधीच दिसतो. दिसला एरर की चिडून तो दाबून टाकू नका, आधी विचार करा, इथे खरंच नन आला तर काय व्हायला हवं? कधी उत्तर असतं "पुढे जा", कधी असतं "बिल थांबव आणि काकांना विचार". ते ठरवणं तुमचं काम.

डिक्शनरीतून डेटाक्लासकडे

नवशिक्यांचा कोड डिक्शनऱ्यांनी भरलेला असतो, फ्लॅट["दर"], फ्लॅट["थकबाकी"], फ्लॅट["भाडेकरू"]. ह्याला टाइप काय लिहायचा, डिक्ट[स्ट्र, इंट | स्ट्र | नन]? लिहिता येतो, पण मग प्रत्येक वेळी चेकर विचारणार, दर हा इंट आहे की स्ट्र की नन? आणि तुम्ही वैतागून एनी लावणार. त्यापेक्षा डेटाक्लास करा, पायथन ३.७ पासून आहे. वर @डेटाक्लास, खाली क्लास फ्लॅट, आणि आत एकेका ओळीवर नंबर: स्ट्र, दर: इंट, थकबाकी: इंट, भाडेकरू: स्ट्र | नन. बस. आता फ्लॅट.थकबाकीच्या जागी चुकून फ्लॅट.थकबकी टाइप झालं तर मायपाय सांगतो, आणि एडिटर फ्लॅट नंतर टिंब दिलं की चारही नावं समोर ठेवतो. डिक्शनरीत हीच चूक ती ओळ रन होईपर्यंत लपून राहते, आणि ती ओळ वर्षातून एकदाच रन होत असेल तर बघायलाच नको. डिक्शनरी बदलणं शक्यच नसेल, बाकीचा कोड तिच्यावरच उभा असेल, तर टाइप्डडिक्ट आहे, ३.८ पासून, तो डिक्शनरी तशीच ठेवून कुठल्या कीला कुठला टाइप ते सांगतो.

मग फंक्शन किती वाचनीय होतात बघा: डेफ थकबाकीदार(सगळे: लिस्ट[फ्लॅट]) -> लिस्ट[फ्लॅट]:. आत काय जातं, बाहेर काय येतं, आतली एकही ओळ न वाचता कळलं.

लिस्टबद्दल एक गोष्ट, पुढे कधीतरी नक्की अडणार तिथे. फ्लोट मागितला तिथे इंट दिला तर मायपाय चालवून घेतो, पण लिस्ट[फ्लोट] मागितली तिथे लिस्ट[इंट] दिली तर नाही म्हणतो. अन्याय वाटतो ना? कारण असं की ते फंक्शन तुमच्या लिस्टमध्ये आत जाऊन २.५ घालू शकतं आणि मग तुमची इंटची लिस्ट इंटची राहत नाही. फंक्शन फक्त वाचणार असेल, बदलणार नसेल, तर लिस्टच्या जागी सीक्वेन्स लिहा, भांडण मिटलं.

गप्प करायची वेळ आलीच तर

येते. कुठल्यातरी लायब्ररीला टाइपच नसतात. रिक्वेस्ट्स वापरत असाल तर मायपाय स्वतःच सांगतो की टाइप्स-रिक्वेस्ट्स हे वेगळं पॅकेज इन्स्टॉल करा, ते करा आणि विषय संपवा. जिथे काहीच उपाय नाही तिथे ओळीच्या शेवटी हॅश टाकून टाइप: इग्नोर लिहिता येतं, पण नुसतं नको, पुढे चौकोनी कंसात एररचं नाव लिहा, उदाहरणार्थ आर्ग-टाइप, म्हणजे तेवढाच एरर दबतो, उद्या त्याच ओळीवर दुसरा आला तर तो दिसेल. आणि सेटिंगमध्ये वॉर्न-अनयूज्ड-इग्नोर्स चालू ठेवा, गरज संपलेले इग्नोर तो दाखवून देतो.

जे चेकर पकडणार नाही

थकबाकीवरचं व्याज काढायचं फंक्शन आहे, दर: फ्लोट. कुणी १२ पाठवलं, कुणी ०.१२, दोन्ही फ्लोट म्हणून पास, बिलात शंभरपटीचा फरक. रुपये आणि पैसे दोन्ही इंट, तिथेही तेच. ह्यावर थोडा उपाय आहे, टायपिंगमधलं न्यूटाइप वापरून पैसे नावाचा इंटवर आधारलेला वेगळा टाइप करता येतो, मग साधा इंट तिथे पाठवला की मायपाय अडवतो. पण दोन विंगच्या मधे एक ओळ गाळली, सिंकिंग फंड दोनदा धरला, असल्या चुका टाइपला कळत नाहीत, त्यासाठी टेस्ट लिहायच्याच. दोन फ्लॅटचं बिल हाताने काढा, कागदावर, आणि ते दोन आकडे टेस्टमध्ये घाला, तेवढं तरी कराच.

मोठा जुना कोड असेल तर

ऑफिसात आल्या आल्या अनेकांच्या वाट्याला हजारो ओळींचा, एकही टाइप नसलेला कोड येतो, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले असतात. तिथे स्ट्रिक्ट हा पर्याय लावून मायपाय चालवू नका, शेकडो एरर बघून टीमच्या मनातून हा विषय कायमचा उतरेल. आधी कुठलीही सक्ती न करता चालवा, जे येतील ते दुरुस्त करा, त्यात एखाद-दुसरा खरा बग हमखास निघतो, तो सीनियरना दाखवा. मग मायपायच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकेका मॉड्यूलपुरतं डिसअलाउ-अनटाइप्ड-डेफ्स चालू करत जा, म्हणजे त्या मॉड्यूलमध्ये टाइपशिवाय फंक्शन चालणार नाही. सुरुवात त्या मॉड्यूलपासून जे सगळीकडून इम्पोर्ट होतं, कारण तिथले टाइप बाकी सगळ्यांच्या कामी येतात. नवीन फाइल मात्र पहिल्यापासून टाइपसकटच लिहायची, हा नियम टीममध्ये बोलून ठरवून टाका. कुठल्या फंक्शनला काय काय पाठवलं जातं हेच कळत नसेल तर मंकीटाइप नावाचं टूल आहे, इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनी केलेलं, ते प्रोग्रॅम चालताना खरे टाइप टिपून ठेवतं आणि हिंट्स सुचवतं, पण त्याने जे पाहिलं तेवढंच त्याला माहीत, म्हणून सुचवलेलं डोळ्यांखालून घालूनच ठेवा.

आणि चेकर हाताने चालवायचा म्हटलं की चार दिवसांत विसरला जातो, म्हणून तो कमिटच्या आधी आपोआप चालेल असं प्री-कमिट ह्या टूलमध्ये घाला, आणि गिटहबवर पुल रिक्वेस्ट आली की तिथेही. सगळ्यांच्या मशीनवर मायपायचं एकच व्हर्जन ठेवा, रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये आकड्यासकट लिहून, नाहीतर एकाकडे पास आणि दुसऱ्याकडे फेल असा घोळ सुरू होतो.

आज रात्री जमलं तर एवढंच करा: तुमची एक स्क्रिप्ट उघडा, डेटा जिथे आत येतो ते फंक्शन शोधा, त्याला टाइप लिहा, मेनला -> नन लावा आणि मायपाय चालवा.